बॉनेट उघडलं की माणसं जमतात

एकटेपणावर हमखास इलाज हवा असेल, तर कुठल्याही घाटात गाडी कडेला घ्यावी आणि बॉनेट उचलून त्याला दांडी लावावी. दोन मिनिटांत माणसं जमतात. विटांचा ट्रक थांबतो, शेळ्या राखणारा पोरगा येतो, करवंदांचे द्रोण मांडून बसलेल्या मावशी गिऱ्हाईक सोडून येतात. आणि सफारी सुटातला एक गृहस्थ कुठून तरी उगवतोच. त्याची स्वतःची गाडी आसपास कधीच दिसत नाही. तो इंजिनाकडे एकदा बघतो, चुकचुकतो आणि म्हणतो, "गॅसकेट गेलं."

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये बसवलेला पातळ पत्रा. तो उडाला की पाणी ऑइलमध्ये शिरतं, ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो आणि मालकाला हेड उतरवण्याचा खर्च ऐकावा लागतो. आमच्या गाडीचं ऑइल काळंभोर होतं आणि धूर नावालाही नव्हता. पण सफारीवाल्याने ऑइलची पट्टी ओढून पाहिली नाही. निदान झाल्यावर तपासणी करायची पद्धत आपल्याकडे नाही.

आमची गाडी छोटी, तीन सिलिंडरची आणि वयाने थोराड. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट लागला की तिच्या तापमानाचा काटा वर सरकायचा. आत माणसं पाच, त्यांत आत्या. तिचं निदान सर्वांत जुनं: "गाडीला दृष्ट लागलीये." खरं सांगायचं तर पुढे जी निदानं झाली, त्यांतली बरीचशी याहून फारशी शास्त्रीय नव्हती. निदान लिंबू-मिरची स्वस्त तरी पडली.

मी मग जरा वाचायला घेतलं. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांना मिळतो. तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला पाण्याच्या गळ्यात पडतो. सिलिंडरमधला जाळ क्षणभर २००० अंशांच्याही वर जातो. हेड ज्या ॲल्युमिनियमचं असतं, ते ६६० अंशांना वितळतं. मध्ये उभं काय, तर थोडं पाणी आणि एक पंखा. हे कळल्यावर गाडी तापते याचं नवल उरलं नाही, एरवी ती तापत नाही याचंच वाटायला लागलं.

ओळखीच्यांना मात्र असलं नवल वाटत नव्हतं, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. ज्याच्या गाडीत जे नुकतंच बिघडलं होतं, तेच त्याला आमच्या गाडीत दिसत होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांची वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, गेल्या दिवाळीत गेली, म्हणून आमचीही वॉटर बॉडीच. ऑफिसातल्या एकाने पंख्याची मोटर बदलली होती. तो आमचा पंखा धडधडीत फिरताना पाहूनही "फिरतोय, पण वारा मारत नाही" म्हणाला. साडूभाऊंनी तर ओळखीच्या मेकॅनिककडून आमचा थर्मोस्टॅटच काढून टाकवला. "हे थंड मुलखातल्या गाड्यांना लागतं. आपल्याकडे नुसती अडगळ."

ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे, म्हणून त्या बिचाऱ्या झडपेची बाजू मांडतो. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम होऊ देतो आणि पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोचलं की रेडिएटरची वाट मोकळी करतो. तो काढला की इंजिन सकाळी लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. आमची गाडी आता दोन्ही करू लागली: सकाळी गारठलेली आणि घाटात उकळलेली.

घाटात काय करायचं, हेही साडूभाऊंनीच सांगितलं होतं. एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल. सल्ला अगदी बरोबर आहे. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून गाडीत सोडतो. फक्त महिना मे होता. पायांवर हीटरची धग, डोक्यावर तापलेलं टप, समोर ट्रकचा काळा धूर. काटा दोन रेघा खाली आला आणि आमचे पारे चढले. आत्याने पदराने वारा घेत विचारलं, "अरे, गाडी वाचवायचीये का माणसं?" याचं उत्तर कोणीच दिलं नाही. साडूभाऊ त्या वेळी पुण्यात एसीत होते.

परतताना वाईत एका गॅरेजसमोर गाडी लावली. तिथल्या मेकॅनिकने बॉनेटला हातही लावला नाही. त्याने विचारलं, "साहेब, तापते कधी?"

हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. सिग्नलला उभी राहून तापत असेल आणि धावू लागल्यावर काटा उतरत असेल, तर पंखा बघायचा. हायवेला वेगात तापत असेल, तर पंख्याचा फारसा संबंध नाही, रेडिएटर चोकअप आहे किंवा पाणी नीट फिरत नाही. सुरू केल्या केल्याच काटा चढला, तर मात्र थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय नाहीतर गॅसकेट. मी म्हणालो, "चढावर." बायको म्हणाली, "एसी लावला की." आत्या म्हणाली, "माझ्या माहेराकडे निघालो की." त्याने तिन्ही उत्तरं शांतपणे ऐकून घेतली आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

इंजिन पुरतं निवल्यावर त्याने रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकलं, झाकण अर्धं फिरवून थांबला आणि मग काढलं. आत बोट घातलं. दुसरं पेर आत गेलं तेव्हा कुठे पाणी लागलं. शेजारचा प्लॅस्टिकचा डबा मात्र काठोकाठ भरलेला. आम्ही सगळे आजवर त्या डब्याकडेच बघून "पाणी तर आहे" म्हणत होतो.

त्याने झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. खालचं रबर कडक झालेलं, एका बाजूला चिरलेलं. नखाने दाबलं तर तुकडाच हातात आला. "कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही, तसं आहे वहिनी," तो बायकोला म्हणाला. मला समजावण्याची आशा त्याने सोडली असावी.

असल्या झाकणांवर बहुधा ०.९ असा आकडा छापलेला असतो. तेवढा जादा दाब ते आत कोंडून धरतं, म्हणून साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, आणि पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ लाच उकळतं. उकळलेलं पाणी डब्यात पळतं. इंजिन गार झालं की रेडिएटरने ते परत ओढून घ्यायचं असतं, पण फाटक्या रबरातून हवाच आत शिरते आणि डबा भरलेलाच राहतो.

वर आम्ही बोअरचं पाणी ओतत होतो. आतला पांढरा थर पाहून त्याने तोंड वाकडं केलं. रेडिएटर धुतला, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरलं, नवं झाकण बसवलं. मग थर्मोस्टॅटची रिकामी जागा दिसली. "हे कोणी काढलं?" आम्ही तिघेही रस्त्यावरची रहदारी पाहू लागलो.

ही बातमी पसरल्यावर साडूभाऊ म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, पाण्याचाच प्रॉब्लेम आहे?" काका म्हणाले, "वॉटर बॉडी काय, झाकण काय, सिस्टीम एकच." आत्याने दृष्ट काढली होती, त्यामुळे तिला काही म्हणायची गरजच नव्हती.

तुमची गाडी तापली तर अर्धा तास तरी ती निवू द्या आणि तोवर झाकणाला हात लावू नका; कोंडलेली वाफ तोंडावर येते. आणि एवढं वाचूनही "झाकण नसेल हो, गॅसकेटच असणार" असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी कृपया कळवू नये. गाडी आता तापत नाही.