दुसरा शनिवार

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद. त्या दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. रविवार गेला, सोमवार उजाडला, बँक उघडली. त्या सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्याच्या मार्गाने हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

चोरीची रीत समजून घ्या. कार्ड एटीएममध्ये घातले की विचारणा एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. खात्यात पैसे आहेत का, पिन बरोबर आहे का, हे ती तपासते आणि मगच होकार देते. चोरांनी मधल्या जागी आपला बनावट स्विच बसवला. बनावट कार्डांवरून आलेल्या प्रत्येक विचारणेला तोच होकार देत होता. मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. त्यामुळे कोणाही खातेदाराच्या खात्यातून एक रुपया कमी झाला नाही, गेले ते बँकेचे पैसे. चोरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की जगभरातल्या एटीएमवर मोठी धाड पडणार आहे. अशा धाडी बहुधा शनिवार-रविवारी पडतात.

चोर कॅलेंडर बघून येतो. आपण आपली सुरक्षा मात्र कामाच्या दिवसांपुरती उभी करतो. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती गंभीर आहे.

कॉसमॉसच्या अडीच वर्षे आधी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला, तोही असाच. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी. शनिवार-रविवारी न्यूयॉर्कला सुट्टी, जिथे या बँकेचे डॉलर ठेवलेले होते. सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी, जिथे पैसे जाऊन पडले होते. चोरांनी तीन देशांच्या सुट्ट्या एकीला एक जोडून आपला आठवडा आखला. स्विफ्टचे व्यवहार छापणारा प्रिंटर त्यांनी आधीच बंद पाडला होता आणि कर्मचाऱ्यांना ती नेहमीची बिघाडाची कटकट वाटली. शनिवारी ढाक्यातून न्यूयॉर्कशी संपर्काची धडपड सुरू झाली तेव्हा तिकडे कोणी नव्हते. ९५ कोटी डॉलर हलवण्याचा डाव होता, ८ कोटी १० लाख गेले. पैसे थांबवा असा निरोप मनिलात मंगळवारी वाचला गेला. तोवर फार उशीर झाला होता.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणक-विषाणू पसरला, तोही सुट्टीच्या तोंडावर, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी. तिकडच्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत घुसला. उरणजवळ न्हावा-शेवा बंदरात मर्स्कच्या समूहाचे एक टर्मिनल आहे, तेही ठप्प झाले. हा विषाणू ज्या भेगांतून पसरत होता, त्यांपैकी मुख्य भेग बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

मर्स्क कशी वाचली, हे प्रत्येक कारखानदाराने मुद्दाम वाचावे. त्यांच्या नेटवर्कचा ताबा ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक पुसला तर दुसरा आहे, असा भरवसा. सगळे एकदम पुसले जातील, हा विचार कोणी केलाच नव्हता. त्यातला एकच शाबूत निघाला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि सर्व्हर नेटवर्कपासून तुटला होता. त्याची हार्ड डिस्क इंग्लंडला न्यायची होती, पण घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एक जण नायजेरियापर्यंत गेला आणि तिथल्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती ती सोपवली. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. एवढी मोठी कंपनी वीज जाण्याच्या योगायोगावर तरली. ज्या बॅकअपची वायर कायम सर्व्हरला लागलेली आहे, तो बॅकअप सर्व्हरबरोबरच मरतो. आठवड्याला एक हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायला किती खर्च येतो? आणि तिच्यातून हिशेब खरोखर परत उभे राहतात का, हे शेवटचे कोणी, कधी करून पाहिले?

आता आपल्याकडे बघा. दिवाळीत एमआयडीसीतले कारखाने चार-पाच दिवस बंद असतात. गेटवर वॉचमन असतो, आत सर्व्हर चालू असतो, मालक गावी असतात. कॉम्प्युटर बघणारा मुलगा बाहेरच्या एजन्सीचा, त्याचा नंबर अकाउंटंटच्या मोबाइलमध्ये, आणि अकाउंटंट कोकणात, जिथे रेंज नाही. त्या रात्री फायली कुलूपबंद व्हायला लागल्या तर पहिला फोन कोण कोणाला करणार? बहुतेक ठिकाणी याला उत्तर नाही. फायरवॉल आहे, अँटीव्हायरसचे नूतनीकरण झालेले आहे, ऑडिटच्या फाइलमध्ये सायबर धोरणाची प्रत आहे. फक्त माणूस ठरलेला नाही.

कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. ती आवश्यकच होती. पण कागदावरचे धोरण शनिवारी रात्री उठून सर्व्हर बंद करत नाही. ते काम माणसालाच करावे लागते, आणि आपल्या संस्थांमध्ये त्या माणसाचे हात बांधलेले असतात. बँकेचा तंत्र अधिकारी एटीएम बंद करायला घाबरतो, कारण सोमवारी अध्यक्ष विचारतील. पतसंस्थेचा व्यवस्थापक संचालकांना विचारल्याशिवाय काही करत नाही. साखर कारखान्यात कार्यकारी संचालकांचा फोन लागेपर्यंत सगळे थांबतात. चोराला लागतात मिनिटे, आपल्या परवानगीला लागतात तास.

उलटे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. शेकडो सहकारी आणि ग्रामीण बँकांची तांत्रिक कामे ही कंपनी बघते. ३१ जुलैला देशातली किरकोळ देयके चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तिला आपल्या जाळ्यातून सरळ तोडले. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले, लोक चिडले. आग पुढच्या घरांना लागू नये म्हणून हे करायलाच हवे होते. तपासणी करून दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत केली. तोडायचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरलेले होते आणि तो वेळेत वापरला गेला, म्हणून हे जमले.

लहान उद्योजक म्हणतात, आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे? २ जुलै २०२१ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीच्या तोंडावर, कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची शेकडो दुकाने बंद राहिली, कारण बिलिंगची यंत्रे चालेनात. चोरांना कूपचे नावही ठाऊक असायची गरज नव्हती. दुकानाच्या पुरवठादाराचा पुरवठादार सापडला की पुरे होते.

कायद्याचे घड्याळही सुट्टी मानत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या तासात केलेला फोन दुसऱ्या दिवशीच्या तक्रार अर्जापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा असतो, कारण पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकायच्या आत गोठवता येतो. असे सगळे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी उघडत नाही.

कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही बनावट कार्डे घेऊन रोकड काढणारी माणसे होती. डाव रचणारे देशाबाहेर राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखवले आहे. तिथवर पुण्याच्या पोलिसांचा हात पोहोचणार नाही.

म्हणून बँकांच्या अध्यक्षांना, पतसंस्थांच्या संचालकांना आणि कारखान्यांच्या मालकांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एक ठराव करा. सुट्टीच्या दिवशी संशय आला तर यंत्रणा बंद करणाऱ्या दोन माणसांची नावे त्यात लिहा, एक मुख्य आणि एक पर्यायी. त्यांना कोणाची परवानगी लागणार नाही, हे स्पष्ट नोंदवा. आणि संशय खोटा निघाला, दिवसाचा धंदा बुडाला, ग्राहक ओरडले, तरी त्यांच्यावर कारवाई होणार नाही, हे वाक्य त्या ठरावात घालायला विसरू नका.