सेटिंगवाला भाऊ

भट्टीत भंगार टाकून सळई काढणारे जालन्यात पुष्कळ. भंगारातून गेम काढणारा मात्र गल्लीत एकच असतो. त्याला सेटिंगवाला भाऊ म्हणतात.

२००५ नंतरची चार-पाच वर्षं त्याचा सुवर्णकाळ. घरोघरी ‘पोराच्या अभ्यासासाठी’ असेंबल केलेले पीसी आले होते. इंटेलचा ८४५ किंवा ८६५ चिपसेट, ग्राफिक्स मदरबोर्डातच, वेगळं कार्ड नाही. ‘व्हाइस सिटी’पर्यंत अभ्यास सुरळीत चालायचा. पुढं २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणला, की पिक्सेल शेडर नाही म्हणून राजपुत्र उंबऱ्यावरूनच परत.

“भाऊ, गेम चालंना!”

“कामून चालंना? चालतीय की!”

भाऊ खेळात कच्चा. पण गळ्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये कॅनडातल्या ट्रान्सगेमिंग कंपनीचं स्विफ्टशेडर असायचं. त्यातली एक डीएलएल फाइल तो गेमच्या फोल्डरात टाकायचा. विंडोज अशी फाइल आधी गेमच्याच फोल्डरात शोधतं. तिथं भाऊची सापडली, की पुढं चौकशी करत नाही. गेमला वाटतं, कार्ड आहे. तरी शंका राहिली, तर थ्रीडी अ‍ॅनालाइझ नावाच्या प्रोग्रॅममधून नव्या कार्डाचा नंबर सांगायचा. खोट्या पत्त्यावर रेशन कार्ड काढण्याइतकाच हा सरळ व्यवहार.

कार्डाचं काम मग एकट्या प्रोसेसरच्या गळ्यात पडायचं. चित्रातल्या ठिपक्या-ठिपक्याचा रंग, सावली, चकाकी त्यानंच मोजायची. डोळ्याला गुळगुळीत दिसायला सेकंदाला तीसेक चित्रं लागतात. इथं तीन-चार आली तरी भाऊ खूश. राजपुत्रानं उडी मारली, की तो पलीकडं पोचेपर्यंत आपण पाणी पिऊन यावं. कॅबिनेटचं एक झाकण कायमचं काढलेलं, समोर टेबल फॅन लावलेला. मे महिन्यात घरातली माणसं घामाघूम आणि वारा फक्त प्रोसेसरला! वडील काही बोलायच्या आत भारनियमन सुरू व्हायचं आणि वाद आपोआप मिटायचा.

“खेळता येईना, भाऊ.”

“चालली का नाही?”

“चालली.”

“मग! खेळणं तुझ्याकडं. रिझोल्यूशन ६४० बाय ४८० कर, सावल्या बंद कर, जमलं तर आवाजबी बंद कर.”

मोबदला हाफ चहा. बिघाड झाला तर विंडोज नव्यानं टाकायचे वेगळे. वडिलांच्या खतावण्या उडाल्या तर भाऊ आठवडाभर मामाच्या गावी.

२०१२ पासून गूगलनं क्रोममध्ये जुन्या मशिनींसाठी हेच स्विफ्टशेडर वापरलं आणि २०१६ मध्ये त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. भाऊचं मत एवढंच, “उशिरा का होईना, कळलं त्यांना.”

आता भाऊ चाळिशीकडं झुकलाय. एमआयडीसीत वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळतो. काट्याचा प्रोग्रॅम पुरातन, मशीन नवीन. दोघांचं पटत नाही, म्हणून मध्ये भाऊनं काहीतरी टाकलंय. काय, ते मालकालाही ठाऊक नाही. पावती निघते, पण सावकाश. बाहेर भंगाराच्या ट्रकांची रांग लागलेली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. भाऊ खिडकीतून डोकं काढून शांतपणे सांगतो, “थांब की जरा, रेंडर व्हायलंय!”