चमचा उभा राहिला पाहिजे

नाशिकरोडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक घर असं असतं, जिथे चहा मिळत नाही. बेल वाजवावी, दार उघडावं, आतून मिक्सरची घरघर यावी आणि पाठोपाठ हाक यावी, "बसा, बसा! चहात काय असतं? पाणी! तुम्हाला काहीतरी पौष्टिक देतो." तुम्ही मेंटेनन्सची पावती न्यायला आलेले असता, नाहीतर चुकून त्यांच्याकडे गेलेलं आपलं पार्सल मागायला. पण आता बसावं लागतं. हे स्मूदीकाकांचं घर.

स्मूदीकाका कोणा एकाचं नाव नाही, ती जमात आहे. गंगापूर रोडला तिची परदेशी ब्लेंडर बाळगणारी शाखा आहे, सिडकोत लग्नात मिळालेल्या मिक्सरवर भागवणारी आहे. अस्सल नमुना मात्र नाशिकरोडचा, कारण तो 'प्रेसमधून' निवृत्त झालेला असतो. १९२५ची सिक्युरिटी प्रेस किंवा १९२८ची करन्सी नोट प्रेस. इथे नुसतं 'प्रेस' म्हटलं की मुलगी द्यायला आणखी चौकशी लागत नसे. तर जिथे छापलेला कागद मोजतातच, पण बिघडलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो, अशा ठिकाणी उमेदीची सगळी वर्षं घालवलेला माणूस निवृत्त होऊन स्वयंपाकघरात शिरला की काय होतं? बदाम मोजले जातात. रात्री भिजवताना आठ होते, सकाळी सोलल्यावर सात कसे, याची रीतसर चौकशी लागते. आठवा काकूंनी तोंडात टाकलेला असतो आणि त्या चौकशीला सहकार्य करत नाहीत.

नोकरीत असताना काकांचा आणि स्वयंपाकघराचा संबंध ताट वाजवण्यापुरता होता. मग निवृत्ती आली, त्यापाठोपाठ 'शुगर बॉर्डरवर आहे' असा रिपोर्ट आला, आणि पुण्याच्या मुलीने एक व्हिडिओ पाठवला. त्या दिवसापासून काकांनी साखर सोडली. म्हणजे साखरेचा डबा सोडला. स्मूदीत दोन पिकलेली केळी, सहा खजूर, एक चिकू आणि वर चमचाभर मध एवढंच पडतं. "साखरेचा कणसुद्धा नाही हो यात," असं ते ग्लास पुढे करताना इतक्या निरागसपणे सांगतात की डॉक्टरांनाही क्षणभर खरं वाटेल.

काकांच्या धर्मात एकच पाप आहे: पातळपणा. बर्फ घालणारा माणूस त्यांना भेसळ करणाऱ्या गवळ्याइतकाच संशयास्पद वाटतो. "बर्फ म्हणजे कोण? पाणीच ना? नुसतं गारठून बसलेलं. पाच मिनिटांनी ते आपल्या मूळ पदावर येणार आणि तुमच्या ग्लासात तळ दिसणार!" म्हणून ते केळ्याच्या चकत्या करून, ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा मांडून, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात. गोठलेलं केळं गारवाही देतं आणि दाटपणाही. यात काका बरोबर आहेत, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं. काकूंचा आक्षेप वेगळा आहे. त्या फ्रीजरमध्ये पूर्वी मटार असत.

दह्याचं प्रकरण याहून गंभीर. दही घरचंच, सायीच्या दुधाचं, आणि ते फडक्यात बांधून तासभर टांगलेलं. टांगायचं ठिकाण सिंकचा नळ. त्या तासात कोणी हात धुवायचे नाहीत. "पाणी निथळलं की दही निम्म्या वाटेवर चक्का होतं. तीच खरी स्थिती!" असं काका समजावतात. "मग आणखी चार तास टांगा," काकू म्हणतात, "निदान श्रीखंड तरी होईल." निथळलेलं पाणी एका वाटीत जमतं, मापून वहीत लिहिलं जातं, आणि काकांची पाठ वळली की काकू त्यात कणीक भिजवतात. घरातल्या पोळ्या हल्ली मऊ होतात, त्याचं श्रेयही काका स्मूदीलाच देतात.

हिवाळ्यात मात्र दही काकांचं ऐकत नाही. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिकरोडच्या ओट्यांवरही विरजण रुसतं. दह्यातल्या जिवाणूंना उबदारपणा लागतो, साधारण चाळीस-पंचेचाळीस अंश. हे कळल्यापासून दह्याचं पातेलं काकांच्या मफलरीत आणि काका उघड्या कानांनी, असं दृश्य डिसेंबरभर दिसतं. काकू ते पातेलं गुपचूप तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात. सकाळी कवड्या पडतील असं दही लागतं. मफलरीचा विजय झालेला असतो.

मिक्सरजवळ पोचेपर्यंत पाहुण्याला जगाचा इतिहासही ऐकावा लागतो. भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवण्याची युक्ती १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की नावाच्या माणसाने काढली, तीही सोडा फाउंटनमधली माल्टेड दुधाची पेयं घुसळण्यासाठी. दह्यातला जिवाणू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात शोधला. मग मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दही खा आणि म्हातारपण लांबवा, असा प्रचार केला. "आणि १९०८ साली दह्याला नोबेल मिळालं!" इथे काका विजयाने थांबतात. मेच्निकोव्हला नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्याचा त्यात काही संबंध नव्हता. पण हे सांगण्यात अर्थ नसतो, कारण त्याच वेळी मिक्सर चालू होतो.

भरण्याचा क्रम ठरलेला. तळाशी दही, त्यावर चिकू किंवा पपई, मग भिजवलेले खजूर, बदाम आणि मूठभर ओट्स, आणि सगळ्यात वर गोठलेली केळी. उलटं केलं तर पात्याभोवती पोकळी होते, पातं हवेतच गरगरतं आणि वरचा माल जागचा हलत नाही. क्रम पाळूनही मिश्रण इतकं घट्ट असतं की मिक्सर आधी कण्हतो, मग वास सोडतो, मग बंद पडतो. काका शांतपणे त्याला आडवा करून बुडाचं लाल बटण दाबतात. मिक्सरला बुडाशी लाल बटण असतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आयुष्यात काही घट्ट केलेलंच नाही, असं त्यांचं मत आहे.

शेवटी परीक्षा. ग्लासात चमचा उभा करायचा आणि हात सोडायचा. चमचा कलला तर माल नापास, पुन्हा भांड्यात, आणखी एक केळं. उभा राहिला तरच बाहेर. प्रेसमध्ये नोट उजेडाकडे धरतात, तसा काका ग्लास खिडकीशी धरतात. आरपार काही दिसत नाही याची खात्री झाली की मग तुमच्या हातात देतात.

काकांचं वर्ष फळांवर चालतं आणि त्यांची खरी कसोटी जानेवारी ते एप्रिल. नाशिककराने द्राक्षं विकत घेणं हे नातेवाईक नसल्याची कबुली देण्यासारखं असतं. कोणाचे मामा पिंपळगाव बसवंतला, कोणाचे व्याही दिंडोरीला, क्रेट येतातच. सगळं गाव ज्या फळावर मिरवतं ते फळ स्मूदीच्या बाबतीत मात्र फितूर. द्राक्षात ऐंशी टक्के पाणी. दह्यात फिरवलं की चमचा उभा राहणं सोडाच, बुडतो. काकांनी द्राक्षं गोठवली, जवस घातलं, सातूचं पीठ घातलं. एकदा काळी द्राक्षं सालांसकट फिरवली, तेव्हा ग्लासातला रंग पाहून काकू एवढंच म्हणाल्या, "हा आपण जिन्याला दिला होता."

मग उन्हाळ्यात आंबा येतो आणि काका सुखावतात, कारण आंब्याला नापास व्हायचं माहीत नाही. पावसाळ्यात सटाणा-मालेगावचं डाळिंब येतं. त्याच्या बियांची कचकच दातांत येते म्हणून ते आधी वेगळं फिरवून गाळायचं. गाळणी धरायला पाहुणा. दिवाळीच्या आसपास सीताफळ. त्याच्यासारखा दाट गर दुसऱ्या कशाचा नाही, पण एकही बी पात्याखाली जाता कामा नये, ती कडू आणि पोटाला वाईट. तेव्हा ज्यांना स्मूदी प्यायची त्यांनी आधी बिया काढायला बसायचं. थंडीत सुरगाण्याच्या बाजूची स्ट्रॉबेरी. आणि पपई बारमाही, पण तिची एक खोड आहे: तिच्यातलं पपेन दूध-दह्यातली प्रथिनं तोडत बसतं आणि थोड्या वेळाने सगळं कडू होतं. म्हणून "घरी नेऊन पितो काका" ही पळवाट बंद. इथेच, आत्ता, माझ्यासमोर.

विरोधक नाहीत असं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दर वेळी आठवण करून देतात की फळ आणि दूधदुभतं एकत्र म्हणजे विरुद्धाहार, आणि रात्री दही खाऊ नये हे चरकाने लिहून ठेवलंय. काका रात्रीचा मुद्दा मान्य करतात; ते सकाळी सहाला मिक्सर लावतात, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. बाकी मुद्द्यांवर त्यांचं उत्तर तयार असतं. "केळ्याची दह्यातली कोशिंबीर आपण पिढ्यानपिढ्या खातोय की नाही? मग?"

इथे आतून भांड्यांचा आवाज थांबतो. "ती कोशिंबीर या घरात पस्तीस वर्षं मी करतेय," काकू म्हणतात. "केळं तेच, दही तेच. तेव्हा कधी चमचा उभा करून पाहिला नाहीत. 'डावीकडे थोडी वाढ' म्हणालात, एवढंच."

यावर काका मिक्सर लावतात. त्यांच्या मतभेदांत मिक्सरने बजावलेली कामगिरी मोठी आहे.

रविवारी सकाळी मात्र सगळ्या सिद्धान्तांना सुट्टी असते. फिरायला गेलेला ज्येष्ठांचा गट परतताना मिसळीवर थांबतो. नाशिकमध्ये चालण्याचा दुसरा काही उद्देश सापडलेला नाही. काका तर्रीचा दुसरा वाडगा मागवतात, सोबतची दह्याची वाटी कौतुकाने पाहतात, चमच्याने तिचा दाटपणा तपासतात आणि "पातळ आहे" असा निकाल देऊन ती मिसळीत ओततात. मग सगळ्यांना घरी नेतात. "तिखट खाल्लंत ना? आता वर हे घ्या, पोटाला आराम." पोटाचं काय होतं हे सोमवारी फिरायला किती जण येतात त्यावरून कळतं.

पण सोमवारी न आलेले मंगळवारी येतात, हेही खरं. आणि त्याचं कारण पौष्टिकपणा नव्हे. चहा दोन घोटांत संपतो आणि माणूस "चला, निघतो" म्हणायला मोकळा होतो. सरबताचंही तेच. काकांची स्मूदी संपत नाही. ती पिता येत नाही, खावी लागते. चमच्याने खरवडावी लागते. मध्येच दम घ्यावा लागतो. तोवर पावती मागायला आलेला माणूस आपल्या मुलाच्या नोकरीचं सांगून बसतो, पार्सलवाली वहिनी सासूच्या गुडघ्यांवर येते. प्रेसमध्ये शेकडो माणसांत उठबस केलेल्या काकांचा पाहुणा आता अर्धा-पाऊण तास हलत नाही. दाटपणाचा हा उपयोग कोणत्याही व्हिडिओत सांगितलेला नाही. काकांनी तो स्वतः शोधलाय आणि त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत.

गेल्या माघात काकांच्या पुतणीला पाहायला ओझरहून मंडळी आली. काकूंनी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला होता. काका म्हणाले, "कांदेपोहे कोणीही करतं." पाहुण्यांसमोर सात ग्लास आले, सातांत सात चमचे ताठ उभे. मुलाच्या वडिलांनी पिण्याचा प्रयत्न केला आणि थांबले. मुलाच्या आईने शेजारणीकडे पाहून चमचा हाती घेतला. वीस मिनिटांत उरकायचा कार्यक्रम दीड तास चालला. ग्लास संपेनात म्हणून बोलणं वाढलं, बोलणं वाढलं म्हणून एक लांबचं नातं निघालं, नातं निघालं म्हणून सगळे हसले. पुतणी आणि मुलगा यांनी तेवढ्यात गॅलरीत जाऊन काय ते ठरवूनही टाकलं.

"फारच छान हो," मुलाची आई म्हणाली. "कोणी केलं?"

"मी!" काका म्हणाले. "सगळं माझ्या हातचं."

सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. काका मुलाकडे वळले आणि त्याला क्रम सांगू लागले: तळाशी दही, वर चिकू, शेवटी केळी. काकू इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, मुलाच्या हातातला ग्लास घेतला आणि म्हणाल्या, "मला एकच विचारायचंय. तुमच्याकडे मिक्सरचं भांडं कोण धुतं?"

मुलगा जरा गोंधळला. "मीच. म्हणजे, जो वापरतो तो."

"ठरलं," काकू म्हणाल्या आणि काकांकडे पाहिलं. "ऐकलंत ना? सात ग्लास, सात चमचे आणि एक भांडं. मोजून घ्या."