टपावरचे तीस किलो

एसटीच्या टपावर काय चढत नसे! खाट, सायकल, कांद्याची पोती, मुलीच्या सासरी निघालेलं कपाट. हमाल शिडीवरून वर जायचा, कंडक्टर खालून घाई करायचा आणि टप कधी कुणाला वजन विचारायचा नाही. हे पाहून वाढलेल्या माणसाच्या हाती जिम्नीसारखी डोंगर चढणारी गाडी आली की त्याची नजर आधी टपाकडे जाते. आमच्या दिग्याचीही गेली. स्पितीला जायचं ठरल्याबरोबर त्याने वर काय काय ठेवायचं याची यादी केली: तंबू, वीस लिटर पेट्रोलचा कॅन, तेवढंच पाणी, जादा टायर, फावडं, शेगडी, खुर्च्या आणि 'किरकोळ'.

त्याच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, यादी वाचली, गाडीची पुस्तिका काढली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. टपावरचा कमाल भार ३० किलो.

"प्रत्येक कोपऱ्याला असेल," दिग्या म्हणाला.

"एकूण. आणि कॅरियरचं वजन त्यातच धरायचं."

घरात सुतक पडलं.

कॅरियरच्या दुकानदाराला मात्र असली पुस्तकं मान्य नव्हती. त्याने काढलेलं कॅरियर लोखंडी, काळंकुळकुळीत, चहूबाजूंनी कठडा आणि पुढे दिव्यांची रांग. "साहेब, वर चार माणसं नाचवा, हललं तर पैसे परत!" वहिनींनी ते शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावलं. ४१ किलो. म्हणजे वर रुमालही न ठेवता आम्ही अकरा किलोंनी गुन्हेगार. माणसं नाचवायला हरकत नाही, पण गाडी उभी हवी. उभ्या गाडीच्या टपावर तंबू टाकून दोघं झोपली तरी छप्पर ते निभावतं. चालत्या गाडीत मात्र तेच वजन खड्ड्यात आपटतं, वळणावर बाहेर ओढतं आणि अंगाने अरुंद, उंच गाडीचा तोल आणखी वर नेतं. दुकानदाराने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रिल मशीन आणलं. "चारच भोकं पाडतो. वर सिलिकॉन. पाणी आत आलं तर नाव बदलीन."

त्याचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. आणि जिम्नीच्या छताच्या दोन्ही कडांना जुन्या जिप्सीसारखी पन्हळ आहे. कॅरियरचे पाय तिला चिमट्यांनी आवळता येतात. पन्हळ असताना छपराला भोक पाडणाऱ्याला पावसाळ्यात दया दाखवू नये, असं माझं मत आहे.

शेवटी ॲल्युमिनियमचा सपाट मंच घेतला. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियमची घनता तिसऱ्या हिश्शाइतकी. किमतीचं गणित मात्र नेमकं उलट चालतं. कठडा नसल्यामुळे प्रथम तो अर्धवट वाटला. पण पट्ट्यांना लांबच्या लांब खाचा, खाचेत बोल्ट सरकवायचा, हवा तिथे कडी बसवायची. कठड्याच्या टोपलीत सामान टोपलीच्या मापाचं लागतं, इथे मापाची सक्ती नाही. वजन १७ किलो. उरले तेरा.

त्या तेरा किलोंसाठी आमच्या घरात विधानसभेच्या जागावाटपासारख्या बैठका झाल्या. वीस लिटर पेट्रोल म्हणजे पंधराएक किलो, कॅन वेगळा. शिवाय पेट्रोल डोक्यावर घेऊन हिंडणं वहिनींना पसंत नव्हतं. गाडीची टाकी ४० लिटरची आणि काझाला पंप आहे. ३,७४० मीटर उंचीवरचा हा पंप जगात सर्वांत उंच असल्याचं तिथला फलक सांगतो. कॅन बाद. स्टेपनी मागच्या दाराला होतीच, जादा टायर बाद. पाणी आणि हत्यारं सीटमागे, जमिनीलगत गेली. टपावर चढलं ते जागा खाणारं पण हलकं सामान: तंबू, झोपायच्या पिशव्या, गाद्या आणि घडीच्या खुर्च्या. 'किरकोळ' म्हणजे आईने दिलेला दगडी खलबत्ता निघाला, चहात आलं ठेचायला. तो माझ्या पायाशी बसून स्पिती पाहून आला.

सुरतेच्या अलीकडे गाडीने वेग घेतला आणि टप गाऊ लागला. आधी पट्टा फडफडला. त्याला दोन पीळ दिले, तो गप्प झाला. मग शिट्टी सुरू झाली. पुढच्या आडव्या दांडीवरून वारा एका लयीत सुटतो, त्याचा हा सूर. लय मोडायची तर दांडीला दोरी तिरकी गुंडाळायची. दोरी नव्हती. दिग्याच्या लेंग्याची नाडी होती. शिट्टी तत्काळ बंद झाली. पुढच्या प्रत्येक मुक्कामी दिग्या मात्र एका हाताने लेंगा धरून चहा प्यायला.

किन्नौरमध्ये कडा कोरून काढलेला रस्ता आला. डोक्यावर खडक, एका बाजूला सतलज. दिग्याने स्टिअरिंगवर मान खाली घातली, जणू टप त्याच्या टाळूला चिकटवला होता. १,७२० मिलिमीटर उंचीची गाडी, वर मंच, वर सामान; मनात बेरीज चालूच. एवढ्यात समोरून हिमाचलची सरकारी बस आली. टपावर पोती, ट्रंका, एक गुंडाळलेली गादी. ती त्याच खडकाखालून आरामात निघून गेली. ड्रायव्हरने आमच्या तेरा किलोंकडे पाहिलंही नाही.

काझाच्या पुढे लोसर, कुंझुम, बातल. इथे रस्ता ही श्रद्धेची बाब आहे. रोज सकाळी वहिनी पाना घेऊन चारही पायांचे नट तपासायच्या आणि एखादा सैल निघालाच की दिग्याकडे बघायच्या. दिग्या तेव्हा लेंगा सावरत असे.

कुल्लूच्या खोऱ्यात उतरलो तर सफरचंदांचा हंगाम. वहिनींनी वीस किलोंची पेटी घेतली.

"वर टाकू," दिग्या म्हणाला.

"जड ते खाली, हलकं ते वर. भावजी, तुम्ही जरा सरका."

पेटीला माझ्या शेजारी सीट मिळाली, पट्टाही लावला. पायाशी खलबत्ता, मांडीवर माझी बॅग. दिग्याने आरशातून हे पाहिलं आणि फोन उघडला. "मागे एक छोटा ट्रेलर जोडला तर? त्याला ब्रेक असलेला बरा की नसलेला?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून किती ओढायची परवानगी आहे?" आणि पुस्तिकेसाठी हात पुढे केला.