एकास बहात्तर

निवृत्त झाल्यावर काही माणसं ज्ञानेश्वरी वाचायला घेतात, काही सोसायटीच्या कमिटीत शिरतात आणि काही मोजकी माणसं माळ्यावरून एक पिवळा पडलेला खोका उतरवून विमान बांधायला बसतात. या तिसऱ्या जातीला मी किटकर म्हणतो. किटकर पुण्यात असतात, डोंबिवलीत असतात, नाशकात तर असतातच असतात. त्यांना ओळखायची खूण म्हणजे अंगठा आणि शेजारचं बोट. फेविक्विक आणि पॉलिश पेपर यांनी मिळून या दोघांवरच्या रेषा पार पुसून टाकलेल्या असतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलं की मशीन त्यांचा अंगठा घेत नाही आणि समोर धडधडीत उभ्या असलेल्या माणसाला हयात मानायला नकार देतं. किटकरांना त्याचं काही वाटत नाही. पेन्शन उशिरा आली तरी चालेल, पंखाच्या सांध्यात फट राहिलेली चालणार नाही.

आमच्या विंगेतले किटकर सरकारी खात्यातून सुटले. तिथे त्यांनी फाइलींना हात न लावण्याचा लौकिक मिळवला होता. त्यामुळे घरी आल्यावर हा मनुष्य तासन्‌तास कानस चालवताना पाहून बायकोला आधी कौतुक वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही. जेवणाचं टेबल हातचं गेलं, तेव्हा ते संपलं. आता त्या घरात पाहुण्यांना ताट हातात देतात आणि टेबलावर मिग-२१ असतं. गेल्या गणपतीत होतं, त्याच्या आधीच्या गणपतीतही होतं.

किट साठच्या दशकातलं, परदेशी कंपनीचं, एकास बहात्तर मापाचं. बहात्तरच का, असं एकदा विचारून मी संध्याकाळ घालवली आहे, तेव्हा तुमची वाचवतो. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे धडधाकट वैमानिक बरोबर इंचभर उंच. इंग्लंडमध्ये फ्रॉग नावाच्या कंपनीने १९३६ साली याच मापाची प्लॅस्टिकची विमानं काढली. तिची आधीची खेळणी खरोखर उडायची, ही उडणारी नव्हती, म्हणून त्या मालिकेला त्यांनी ‘पेंग्विन’ असं नाव दिलं. इतका सरळ विनोद कुठल्या कंपनीला पुन्हा सुचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर या मापात मिगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे पंख जेमतेम दहा सेंटिमीटर भरतात. किटकरांनी व्हर्नियरने मोजले तेव्हा ते एक मिलिमीटरने कमी निघाले. मी म्हटलं, एका मिलिमीटरने काय होतंय! त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “एक गुणिले बहात्तर. खऱ्या विमानाचे सात सेंटिमीटर पंख कापून नेलेत यांनी, आणि तुम्ही म्हणता काय होतंय?” पंखावरचे रिव्हेट पाव मिलिमीटरचे होते. ते तर साहेबांच्या डोक्यातच गेले. पाव गुणिले बहात्तर, म्हणजे अठरा मिलिमीटरचा एकेक फोड. असले फोड अंगावर घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने कोण उडेल? मग तो एकूण एक रिव्हेट घासून सपाट झाला. त्याबरोबर पत्र्यांच्या जोडाच्या उंच रेषाही गेल्या. त्या आता सुईने कोरून खोलगट करायच्या आहेत. डाव्या पंखाच्या झाल्या. उजवा पंख चातुर्मास संपल्यावर.

या चुकांमागे मात्र खरीच एक गंमत आहे, आणि ती सांगताना किटकरांचा आवाज आपोआप खाली येतो. शीतयुद्धाचे दिवस. मिग-२१ पश्चिमेकडच्या लोकांनी पाहिलेलं असायचं ते मॉस्कोच्या संचलनातल्या फोटोत, तेही खालून आणि पळतं. ऑगस्ट १९६६ मध्ये मुनीर रेडफा हा इराकी वैमानिक आपलं मिग घेऊन थेट इस्रायलला उतरला, तेव्हा कुठे त्यांना ते हात लावून पाहायला मिळालं. तोवर किट बनवणाऱ्यांनी साचे कोरले ते अंदाजपंचे दाहोदरसे. नाक फुगीर, पाठ चपटी, शेपूट भलतीकडेच.

“आणि आपल्याकडे १९६३ पासून होती!” किटकर टेबलावर हात आपटतात, चाकाचा एक दरवाजा उडतो. “चंदीगडला. अठ्ठावीस नंबरच्या स्क्वाड्रनला पहिली सहा आली, एफ-तेरा जातीची. आपण त्यांना टाइप चौऱ्याहत्तर म्हणायचो. यायचं होतं ना इकडे टेप घेऊन!” टेप घेऊन कोणी इंग्रज १९६३ साली चंदीगडच्या विमानतळावर आला असता, तर त्याचं माप कोणी घेतलं असतं, हे मी बोलून दाखवलं नाही. उडालेला दरवाजा शोधायचा होता.

हा शोध प्रत्येक किटकराच्या घरी होतो. भाग जमिनीवर पडला की घरातला काळ थांबतो. “कोणी हलू नका!” अशी आरोळी येते. दारात दूधवाला एक पाय आत, एक बाहेर असा उभा. किटकर फरशीला गाल लावून आडवे, हातात मोबाइलची बॅटरी. उजेड जमिनीलगत टाकला की बारीक वस्तूचीही सावली लांब पडते, हे तत्त्व खरं आहे. त्यामुळे त्यांना साबुदाणा सापडतो, कानातल्याची फिरकी सापडते, बायकोची २०१९ पासून हरवलेली टिकली सापडते. दरवाजा सापडतो दिवाळीच्या आवराआवरीत, आणि तोवर त्यांनी नवा बनवलेला असतो, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून.

अशा घरात कुठलीच वस्तू तिच्या मूळ कामाला राहत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची चंदेरी पन्नी वैमानिकाच्या पट्ट्यांना लागते, म्हणून ब्लडप्रेशरच्या गोळ्या मधूनच वाटीत मोकळ्या फिरत असतात आणि सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे देवालाच ठाऊक. एरियलची तार करायची तर किटच्या उरलेल्या काडीला ज्योतीवर धरतात. ती मऊ पडली की दोन्ही टोकं हलकेच ओढायची, मधे केसाइतका धागा निघतो. हा प्रयोग पाहण्यासारखा आहे. पण त्यासाठी किटकर देव्हाऱ्यातलं निरांजन वापरतात. “अहो, देवाचं आहे ते!” असं आतून ऐकू येतं, तोवर घरभर उदबत्ती आणि जळकं प्लॅस्टिक यांचा मिश्र दरवळ सुटलेला असतो. सांधे भरायला लांबी. ती भरायची, वाळू द्यायची, पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासायची, वर एक पातळ रंगाचा हात द्यायचा. तो हात दिला की आधी न दिसलेली फट हटकून दिसते. मग पुन्हा लांबी. आपल्या घरांना रंग देणारा माणूस दोन हातांत मोकळा होतो. किटकरांच्या मिगवर आता मूळ प्लॅस्टिक जास्त की लांबी, हा संशोधनाचा विषय आहे.

नाकात वजनही भरावं लागतं. तीन चाकांचं विमान, सगळा भार मागे. वजन घातलं नाही तर ते शेपटीवर बसतं आणि नाक वर करून आढ्याकडे पाहत राहतं. किटकरांनी गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. शाकाहारी माणूस बंदरावरच्या दुकानात जाऊन “माशांसाठी नको, मिगसाठी हवंय” म्हणाला, तेव्हा दुकानदाराने तो मासा कोणता हे बराच वेळ आठवून पाहिलं.

नाकाखाली हवेचा वेग मोजायची नळी असते. खऱ्या एफ-तेराची ही नळी जमिनीवर असताना वर दुमडून ठेवता येई, येणाऱ्याजाणाऱ्याला लागू नये म्हणून. किटमधली नळी मोलकरणीच्या फडक्याने मोडली. दुसरी नातवाने मोडली. तो “भुर्रर्र” म्हणत थेट सोफ्यावर उतरला. तेव्हा किटकरांनी इंजेक्शनची सुई कापून बसवली. पोलाद ते, आता मोडत नाही. दुसऱ्या दिवशी मोलकरीण बोट चोखत स्वयंपाकघरात गेली. “वहिनी, काकांचं विमान चावतंय. मी नाही पुसायची.” किटकर हे प्रशस्तिपत्रक म्हणून सांगतात.

कॉकपिटचा अध्याय मी थोडक्यात आटोपतो, त्यांनी तो आटोपला नाही. करडा रंग द्यावा की पुढच्या मिगांतला निळसर हिरवा, यावर दोन महिने गेले. घड्याळं टाचणीच्या टोकाने रंगवली. आसन नव्याने केलं. एफ-तेराच्या आसनाची खुबी अशी, की वैमानिक बाहेर फेकला जायचा तो डोक्यावरच्या काचेसकट. वाऱ्याच्या तडाख्यापासून तीच काच त्याची ढाल. हे सगळं उरकून त्यांनी किटमधली काच वर चिकटवली. ती एक मिलिमीटर जाड. गुणिले बहात्तर. आतलं काहीही दिसत नाही. दिसावं असा त्यांचा आग्रहही नाही. “मला माहीत आहे ना,” म्हणतात.

मापं पडताळायला ते एकदा मला घेऊन जवळच्या एका गावात गेले. तिथल्या चौकात निवृत्त मिग-२१ सिमेंटच्या खांबावर बसवलंय. हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच मिगला निरोप दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून थकलेली विमानं अशी चौकाचौकांतून उभी आहेत, खाली कारंजं, बाजूला नगरसेवकाचा फलक. किटकरांनी वर पाहिलं आणि त्यांना घेरीच यायची बाकी राहिली. कोणीतरी अख्ख्या विमानाला खिडक्यांच्या गजांचा ऑइलपेंट लावला होता. तरी त्यांनी कुंपण ओलांडून टेप लावलाच. हवालदार आला.

“काय चाललंय?”

“चाक मोजतोय.”

“कशाला?”

“माझ्याकडचं लहान आहे.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी कारंज्याकडे पाहिलं. अखेर किटकरांनी त्याला हे बिस, म्हणजे मिगची नंतरची जात आहे, एफ-तेरा नव्हे, याचं चाक मुळातच मोठं, म्हणून पोट फुगवावं लागलं, असं सविस्तर समजावलं. हवालदाराने टेपचं दुसरं टोक धरलं. किटकरांना टाळायचं तर पहिल्या मिनिटात; नंतर माणूस त्यांचा होतो.

पलंगाखाली त्यांचे आणखी खोके आहेत. किती, हे बायकोला माहीत नाही; किंमत तर मुळीच नाही. विचारलं की प्रत्येक खोका “जुना, दोनशेला मिळाला.” अमेरिकेतला भाचा येताना एक घेऊन येतो. रंगाच्या डब्या मात्र आणत नाही, कारण ज्वालाग्राही म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. विमान विमानातून येऊ शकतं, त्याचा रंग येऊ शकत नाही, यावर किटकर एकटेच बराच वेळ हसतात. इतके खोके बांधून कधी व्हायचे, हा प्रश्न बाहेरच्यांचा. त्यांचं म्हणणं असं की खुद्द मिगही आपल्याकडे किटच्याच रूपात आलं. ओझरच्या एचएएलच्या कारखान्यात सुरुवातीला रशियातून सुट्या भागांचे संच यायचे, ते जोडायचे. मग हळूहळू भागही इथेच होऊ लागले. “म्हणजे मी करतो तेच त्यांनी केलं. माप तेवढं एकास एक.”

“त्यांची उडाली,” आतून आवाज आला.

परवा मात्र चमत्कार झाला. मिग पुरं झालं. चंदेरी, पत्र्यापत्र्याला चंदेरीचा वेगळा हात. जुन्या पिवळ्या पडलेल्या चिकटचित्रांनी महिनाभर खिडकीच्या काचेवर ऊन खाल्लं होतं, ती कोमट पाण्याच्या वाटीत सोडून चिमट्याने बसवलेली. सोसायटीतल्या निवडक लोकांना चहाला बोलावलं. त्यांत बी विंगेतले निवृत्त हवाईसैनिक होते. १९७१ ला ते पूर्वेकडच्या एका तळावर मिगांच्या देखभालीला होते, म्हणजे ज्या डिसेंबरात मिगांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं टाकली, त्या धामधुमीत. त्यांनी मॉडेल हातात न घेता चारी बाजूंनी पाहिलं.

“छान आहे. पण आमच्याकडे ही नव्हती हो. आमची सत्त्याहत्तर, एफएल. आणि चंदेरी कुठली? लढाईआधी हिरवी केली की आम्ही.”

चहाचा कप तसाच ठेवून किटकर पलंगाखाली गेले. थोड्या वेळाने एक न उघडलेला खोका आधी बाहेर आला, मागून ते. आतून भांडं आपटल्याचा आवाज झाला. किटकरांनी डायरी उघडली, रंगांच्या नमुन्यांचा तक्ता मांडीवर पसरला.

“हिरवा कोणता?”

“हाताला लागला तो. स्टोअरमध्ये होता तो आणला आणि ब्रशांनी फासला.”

“नाही, पण ऑलिव्हकडे झुकणारा, की शेवाळी? निळ्याची झाक होती का त्यात?”

हवाईसैनिकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि तक्त्याकडे एकदा पाहून घेतलं.

“अहो साहेब, रात्र होती.”

किटकरांनी तेही लिहून घेतलं.