कवचाच्या आतलं खातं

कोंबड्या पाळणारी माणसं साधारण दोन प्रकारची असतात. एक विकणारी, दुसरी खाणारी. पासलीचे आबा तिसऱ्या प्रकारात मोडतात. ते नुसते उबवतात. वेल्हे तालुक्याचं सरकारदप्तरी राजगड झालं तरी हा तिसरा प्रकार तिथं होता तसाच आहे. तालुक्यातल्या कुठल्याही गावात शिरा, असा एखादा आबा सापडतोच.

कुणाच्या घरी कोंबडी खुडूक बसली, ही बातमी आबांना घरमालकाच्या आधी कळते. खुडूक कोंबडी म्हणजे घराला खोट. पिसं फुगवून ती खुराड्यातल्या कोपऱ्यात ठाण मांडते, हात घातला की टोचते आणि अंडी द्यायची बंद होते. मग तिला भानावर आणायला लोक गार पाण्यात बुचकळतात. आबा बादली भरायच्या आत दारात हजर असतात. "वहिनी, बादली ठेवा खाली. कोंबडी न्हेतो, पिल्लं निम्मी तुमची." हा अर्धेलीचा करार. त्यावर सही-शिक्का नसतो; पण जमिनीच्या वाटण्या मोडल्या, हा करार कुणी मोडल्याचं आबांना आठवत नाही.

यामागं आबांचं शास्त्र आहे. हैदराबादला तयार झालेली वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा अंडी भरपूर देतात, पण बसायचं म्हटलं की अंग काढतात. जास्त अंडी मिळवायच्या नादात बसण्याची खोड मागं पडली. गावठी कोंबडी उलट. डझनभर अंडी घातली की तिला लगेच आई व्हायचं असतं. तेव्हा खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातून आलेल्या पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, की त्यांची अंडी आणि शेजारणीची गावठी कोंबडी यांची गाठ आबा घालून देतात. "अंडं सरकारी, ऊब गावठी," असं ते अभिमानानं सांगतात.

संध्याकाळी देवळाच्या पारावर या मंडळींची बैठक बसते. आबा, एक टेंपोवाला, मुंबईहून निवृत्त होऊन आलेले एक माथाडी कामगार आणि शाळेतले गुरुजी. इथं "पोरं काय म्हणतात?" असं कुणी विचारत नाही. "किती निघाली?" एवढंच विचारतात. उत्तर कधीच नुसत्या आकड्यात येत नाही. "अकरातली नऊ. धाव्यानं टोचा मारला होता. अकराव्याला वीज कडाडली ती बाधली." विजेपासून राखण म्हणून पाटीत लोखंडी खिळा ठेवावा की कोळसा, यावर तिथं मोठे वाद होतात. गुरुजी याला अंधश्रद्धा म्हणतात. त्यांच्या घरच्या पाटीतही खिळा असतो. बैठकीचा एकच नियम आहे: पिल्लं निघाली तर माणसाच्या हाताला गुण, नाही निघाली तर कोंबडीत दोष.

चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं गेल्या साली इन्क्युबेटर आणून दिला. तेव्हापासून घरात साडेसदतीस अंशांचं राज्य आहे. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं, वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही. सातव्या रात्री दिवे मालवून आबा मोबाईलच्या उजेडात एकेक अंडं धरतात आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरच्या थाटात जाहीर करतात, "शिरा दिसल्या! जीव धरलाय." घरच्यांनी एकेक करून बघितल्याशिवाय दिवा लागत नाही. पावसाळ्यात पासलीची वीज गेली, की घरातली जाड गोधडी मशिनीवर जाते आणि आबा स्वतः गोणपाट पांघरतात. आबांच्या बायको, म्हणजे काकी, अंधारातून म्हणतात, "मला ताप भरला तवा थर्मामीटर कुठं हाय, त्ये ठावं नव्हतं तुमास्नी."

एकविसाव्या दिवशी आबा कुणाच्या लग्नालाही जात नाहीत. स्टुलावर बसून राहतात. पिल्लू कवच फोडताना धडपडतं, दमतं, थांबतं. मदतीला हात लावायचा नाही, नाहीतर पिल्लू दगावतं, हे ते सगळ्यांना बजावतात आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरतात. शेवटी ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर पडतं. दुपारपर्यंत ते सुकून कापसाळ होतं. आबांचा चेहरा उजळतो, आणि त्याच क्षणी त्या पिल्लातला त्यांचा रस संपतो.

"अहो, यांना खायला काय घालायचं?"

"आज काही नको. पोटात बलक असतो त्यांच्या."

"आन् उद्यापास्नं?"

तोवर आबा नव्या खुडूक कोंबडीच्या शोधात वाटेला लागलेले असतात. उद्यापासूनचं सगळं काकींचं. तांदळाची कणी, उबेचा दिवा, मानमोडी येऊ नये म्हणून लासोटाचे थेंब, दिवसा घार, रात्री रानमांजर, आणि मुंगसाला तर वेळेचं बंधनच नाही.

रविवारी मढे घाटाकडे निघालेल्या शहरी गाड्या दारात थांबतात. "काका, गावरान कोंबडी मिळेल?" आबा उत्साहानं उठतात आणि एकेका कोंबड्याची कुळी सांगू लागतात. हा अमक्याच्या खुडकीखाली निघाला, तो वीज गेलेल्या रात्रीचा. ऐकता ऐकता पाहुण्यांना सुरी आठवायचीही लाज वाटते आणि ते पिठलं-भाकरी मागवतात. आबा कांदा-मिरची आणायला परड्यात गेले, की काकी पुढं होतात. तुरेवाला तांबडा कोंबडा डालग्याखालून निघतो, पैसे कमरेच्या पिशवीत जातात आणि गाडी हलते. कोंबड्या त्याच, आबांचा धंदा तोट्यात, काकींचा नफ्यात. मशिनीचं वीजबिल, खाद्य आणि बचत गटाचा हप्ता त्याच पिशवीतून जातो.

परवा पारावर टेंपोवाल्यानं विचारलंच, "आबा, एवढं उबवता, सुटतं काय त्यातनं?"

आबांनी खिशातून एक अंडं काढलं, कानाशी धरून हलवून पाहिलं आणि म्हणाले, "कवचाच्या आतलं काय असंल ते मला विचार. भाईरचं खातं काकीकडं हाय."