जावई आणि बेअरिंग

साखर कारखान्याची धुराडी पेटायच्या आत उसाच्या ट्रॉलीची चाकं उघडून बेअरिंगला ताजं ग्रीस भरायचं असतं, हे वाळवा तालुक्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी तिथला जावई. दिवाळीच्या फराळापुरता नेमलेला. पण मेव्हण्याने ट्रॉलीला जॅक लावलेला दिसला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (मी बी.कॉम.)

"दाजी, ऱ्हाऊ द्या, कापडं घाण हुतील," तो म्हणाला. जावयाला एवढ्याने कळत नाही.

हबची टोपी ठोकून काढली, स्प्लिट पिन उपसली, नट सोडला आणि चाक ओढलं, तसं बाहेरचं बेअरिंग टुणकन उडी मारून थेट मातीत लोळलं. ते डिझेलमध्ये धुताना गप्प बसावं की नाही? पण मी मेव्हण्याला सांगू लागलो, की हे निमुळत्या रोलरचं बेअरिंग, हेन्री टिमकेन नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने याचं पेटंट 1898 साली घेतलं, आणि रोलर तिरके असल्यामुळे ते वजनही पेलतं अन् वळणावरचा आडवा रेटाही. "व्हय का," तो म्हणाला. त्याचं आयुष्य ट्रॉलीवर गेलंय.

तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरच्या फटींतून वर ग्रीस डोकावेपर्यंत. माझं ग्रीस कोपरावर, चष्म्यावर, दिवाळीच्या नव्या सदऱ्यावर आणि सासूबाईंनी दिलेल्या चहाच्या बशीवर डोकावलं. फटींत मात्र नाही.

मग नट. चाक फिरवत तो आवळायचा आणि शेवटी जरासा सैल सोडायचा, नाहीतर बेअरिंग तापून जळतं. मी सासुरवाडीच्या इभ्रतीला शोभेल असा आवळला. "दाजी, ह्ये चाक आता हंगाम सरंस्तवर हालत न्हाई," मेव्हणा म्हणाला. सैल केला, पिन घातली, टोपी बसवली, जॅक उतरवला, ऐटीत हात पुसले.

तेवढ्यात त्याचा धाकटा खोकं घेऊन आला. "मामा, ह्ये नवं ऑइल सील कुठं बसवायचं?"

ते आतल्या बेअरिंगच्या मागे बसतं. म्हणजे सगळ्यात आधी.

ते चाक आम्ही पुन्हा उघडलं. उरलेली तीन मेव्हण्याने दुसऱ्या दिवशी पहाटे जावई उठायच्या आत उरकून टाकली.